अमरावतीच्या राजापेठेतून कालव्याच्या काठी: एका दिवसाचा खर्च किती?

कालव्याकाठी चालायला तिकीट नाही. पैसे लागतात ते तिथवर पोचायला, परत यायला आणि मधल्या चहा-नाश्त्याला. पण कालव्यात पाणी नसताना गेलात, तर ते सगळेच वाया जातात. म्हणून खर्चाच्या आधी पाण्याचं बघू.

जवळचा मोठा कालवा अप्पर वर्धा प्रकल्पाचा. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर धरण आहे, कागदोपत्री त्याचं नाव नल दमयंती सागर. अमरावतीकरांच्या नळाला येणारं पाणी इथलंच. धरणातून दोन कालवे निघतात. डावा वर्धा जिल्ह्याकडे जातो आणि उजवा आपल्या बाजूने मोर्शी, तिवसा, चांदूर रेल्वेकडच्या शेतांना पाणी देतो. फिरायला उजवाच घ्यावा.

जुना कालवा हवा असेल तर मात्र वऱ्हाडात शोधू नका. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते आणि कापूस पावसावर निघतो. इंग्रजांना इथून कापूस हवा होता, म्हणून त्यांनी पाट काढण्याऐवजी रूळ टाकले. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला रेल्वेचे फाटे आले ते १८७०च्या आसपास. कालव्यांवरचा खर्च त्यांनी दुष्काळी दख्खनमध्ये केला. सिंभोऱ्याचा कालवा तसा कालपरवाचाच आहे. पण सपाट रान, सरळ काठ, एका अंगाला गहू आणि दुसऱ्या अंगाला संत्र्याचा बगीचा ही मजा त्याच्या वयावर अवलंबून नाही.

रब्बीचं पाणी साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. ते सलग वाहत नाही, पाळीपाळीने सुटतं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत कालव्याच्या तळाला शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसतात. स्थानिक वर्तमानपत्रात ‘नमुना ७ भरून पाणी मागणी अर्ज करा’ असं जाहीर प्रकटन आलं की पुढच्या काही आठवड्यांत पाणी सुटणार, असं समजावं. त्याहून सोपं म्हणजे कालव्यावरच्या गावात ओळखीचा शेतकरी गाठून विचारणं. पाण्याचा दिवस त्याच्याइतका कोणाच्या लक्षात नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरपर्यंत झाडावर असतात, तूर जानेवारीपर्यंत उभी असते आणि हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. मार्चनंतर उन्हाळी पाळी सुटली तरी वऱ्हाडच्या उन्हात सकाळी नऊनंतर काठावर थांबवत नाही.

आता पैसे. राजापेठ चौकातून मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत शेअर ऑटोला दहा-वीस रुपये. तिथून मोर्शी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं आणि जानेवारी २०२५च्या वाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा १०.०५ रुपये झाला. दहा टप्पे धरा, म्हणजे जायचे शंभर आणि यायचे शंभर. अधलेमधले एक-दोन रुपये इकडेतिकडे होतील. महिलांना निम्मं भाडं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, फक्त ओळखपत्र सोबत हवं. घरातली पंचाहत्तरीपुढची आजी-आजोबांची जोडी कालवा बघायला निघाली तर प्रवासखर्च जवळजवळ ऑटोपुरताच उरतो.

मोर्शीहून सिंभोरा आठ-दहा किलोमीटर. या टप्प्यावर खिसा कापला जाऊ शकतो. गावाकडच्या गाड्या ठरावीक वेळेलाच असतात आणि पूर्ण ऑटो करायचा तर भाव बोलण्यावर. एका फेरीचे दीडशे-दोनशे धरून चाला. येतानाची फेरी आणि परतायची वेळ बसण्याआधीच ठरवा. तिथे पोचल्यावर भाव करायला तुमच्या हातात काही राहत नाही. चौघं असाल तर माणशी शंभराच्या आत बसतं. एकटे असाल तर हाच टप्पा एसटीपेक्षा महाग पडतो.

मोटारसायकलने गेलात तर जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतात. पन्नासचं अ‍ॅव्हरेज आणि लिटरला १०५ रुपये धरले तर पेट्रोल तीनशेच्या आसपास. दोघांत वाटलं तर दीडशे. यात ऑटोची कटकट नाही आणि उजव्या कालव्यावर मनात येईल तिथून उतरता येतं. तरुणांना हाच मार्ग सोयीचा. घरच्या चारचाकीला आठ-दहा लिटर लागेल, म्हणजे हजाराच्या आसपास. चौघांत अडीचशे माणशी.

भाड्याची गाडी मात्र या सहलीला परवडत नाही, आणि कारण अंतराचं नाही, हिशेबाच्या पद्धतीचं आहे. बाहेरगावी जाणाऱ्या टॅक्सीवाल्यांचा बहुधा दिवसाला किमान २५० ते ३०० किलोमीटरचा दर असतो. तुम्ही दीडशे फिरा, पैसे तीनशेचे द्या. किलोमीटरला बारा-तेरा रुपये आणि वर ड्रायव्हरचा भत्ता धरला की साडेतीन-चार हजार सहज होतात. एवढी रक्कम द्यायचीच असेल तर त्याच दिवसात सालबर्डीही करून या म्हणजे किलोमीटर वसूल होतील. तिवसा-मोझरीच्या बाजूने कालवा गाठायचा असेल तर नागपूर रस्त्यावर नांदगावपेठचा टोल लागतो, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

खाण्याचा खर्च घरून डबा नेला तर शून्य. भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा आणि कांदा. कालव्यावर हॉटेल नाही, सावलीचं झाड मिळालं तरी नशीब. मोर्शीच्या स्टँडजवळ नाश्ता-चहाला पन्नास-साठ रुपयांत भागतं. पाणी माणशी दोन लिटर न्या, कालव्याचं पिऊ नका. एकूण हिशेब असा: चौघांच्या गटात एसटीने आणि डब्यावर गेलात तर पुरुषाला साधारण साडेतीनशे-चारशे आणि बाईला अडीचशे-तीनशे.

अकोलेकरांनी काटेपूर्णा धरणाच्या कालव्यासाठी महानला जावं. बार्शीटाकळीवरून तीसेक किलोमीटर, म्हणजे एसटीचे पाच टप्पे आणि पन्नासेक रुपये. काटेपूर्णाच्या पाण्यावर पहिला हक्क अकोला शहराच्या नळांचा, त्यामुळे पाऊस कमी झालेल्या वर्षी कालव्यात काही दिसेल ही आशा धरू नये. बाजूला अभयारण्य आहे, त्याचं प्रवेशशुल्क वेगळं.

खरोखरच जुनं पाहायचं असेल तर रात्रीचा मुक्काम धरावा लागतो. विदर्भातला चांगला नमुना म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात सावली तालुक्यातला आसोलामेंढा. १९१८चा तलाव, त्याचे धानशेतीत पसरलेले पाट, आणि आता गोसेखुर्दचं पाणी त्यात मिसळतं. अमरावती ते चंद्रपूर साध्या एसटीने चारशेच्या आसपास एका बाजूचे, पुढे मूलपर्यंत आणि तिथून गावापर्यंत दीड-दोनशे, लॉजचे आठशे ते बाराशे. दोन दिवसांचे माणशी अडीच-तीन हजार ठेवा. पण इथे पैशापेक्षा मोठी गोष्ट वाघाची आहे. हा भाग वाघ-माणूस संघर्षासाठी ओळखला जातो. पहाटे आणि सांजेला पाटाच्या कडेने एकट्याने जाऊ नका. गावकऱ्यांना विचारूनच निघा आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं तर परत फिरा.

दुसरी जुनी वाट नीरा डाव्या कालव्याची. १८८५ साली सुरू झालेला हा कालवा दुष्काळावर उतारा म्हणून काढला आणि बारामती-इंदापूरकडचं कोरडवाहू रान उसाचं झालं. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने दौंड आणि तिथून बारामती. स्लीपरला एका बाजूचे चारशेच्या वर जातात. तीन दिवसांचे मिळून चार हजारांच्या आत होत नाहीत. केवळ कालव्यासाठी इतकं लांब जाऊ नका. पुण्याला नातेवाइकांकडे जाणं असेल तेव्हा जोडून घ्या.

कुठेही गेलात तरी कालव्याकाठची वाट कशासाठी असते हे आधी समजून घ्या. फ्रान्समधल्या कनाल दू मिदीच्या काठच्या वाटा बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होत्या. १६८१ला पूर्ण झालेला २४० किलोमीटरचा तो कालवा आज पर्यटकांचा आहे. आपल्या कालव्याकडेचा रस्ता पाटकऱ्याच्या आणि साहेबांच्या देखरेखीसाठी काढलेला, फिरणाऱ्यासाठी नाही. म्हणून बाक नाहीत, पाट्या नाहीत, कठडा तर नाहीच. तो जलसंपदा विभागाच्या ताब्यातला आहे हे ध्यानात ठेवा. आडवा खांब असेल तर गाडी पलीकडे काढू नका, धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय चढू नका, कालव्याच्या दारांना हात लावू नका.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे काँक्रीटचं अस्तर केलेला उतार. कोरडा असताना निरुपद्रवी वाटतो, पण पाणी चढून शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. आत पडलेल्या माणसाला धरायला काही नसतं. पाय धुवायलासुद्धा उतरू नका, मुलांना आतल्या बाजूने चालवू नका. शेतात फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या दिशेने उभे राहू नका, लांबून वळसा घ्या. घाटे किंवा संत्रं तोडण्याआधी मालकाला हाक मारा. बहुतेक वेळा तोच ओंजळभर देतो.

चालायचं किती? रमतगमत तासाला तीन किलोमीटर. तीन जायचे, तीन यायचे, मध्ये डबा, म्हणजे अर्धा दिवस पुरतो. कालवा तुम्हाला गोल फिरवून आणत नाही, जितकं पुढे जाल तितकं मागे यावं लागतं, हे दमलेल्या माणसाला उशिरा कळतं. दुपारी दोनला वळा. मोर्शीहून अमरावतीकडची शेवटची सोयीची गाडी कधी, हे सकाळी उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. फाट्यावरून एसटी पकडायची असेल तर उजेड असतानाच उभे राहा. अंधारात हात दाखवणारा माणूस ड्रायव्हरला दिसत नाही, आणि मग ऑटोवाला म्हणेल तो दर.