मळीचा काठ पूर ओसरताना तुटतो

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी मळीचं रान असलेल्यांनी मृगाच्या सरी पडण्याआधी एकदा अगदी शेवटच्या सरीपर्यंत चालत जावं. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण त्या वेड्यावाकड्या असतात. काठाला समांतर गेलेली आणि नदीकडची बाजू बोटभर खाली बसलेली भेग दिसली, तर तो तुकडा यंदा जाणार असंच धरून चाला.

पाणी चढत असताना काठ बहुधा तग धरतो, कारण नदीच्या पाण्याचाच त्याला टेका असतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. अशा पुरात काठ आतपर्यंत भिजतो. पाणी झपाट्यानं उतरलं की टेका जातो, आतलं पाणी मात्र मुरलेलंच राहतं आणि जड झालेली माती उभ्या उसासकट पात्रात बसते. म्हणून पूर ओसरल्या ओसरल्या मोटार बसवायला काठावर धावू नका. ट्रॅक्टर तर नकोच.

दगडी पिचिंग एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच, की काठालगतचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा नांगरू नये. दोन-तीन सऱ्या ऊस कमी होईल, हे खरं. पण उसाची मुळं काठ धरायला पुरत नाहीत. त्या पट्ट्यात पावसाच्या सुरुवातीला वाळ्याचे ठोंब अर्ध्या अर्ध्या फुटावर ओळीनं लावा. त्याची मुळं सरळ खोल जातात. (मुळांना भाव आहे म्हणून पुढं तोच वाळा उपटू नका!) त्यामागं बांबू, करंज. उतारावर वाळुंज, निर्गुडी. उंच झाडं अगदी कडेवर नकोत, वाऱ्यानं हलून ती कड उकलतात.

रानातलं जादा पाणी काठावरून सोडणं आधी बंद करा. कित्येक घळी नदीनं नव्हे, आपल्याच पाटपाण्यानं पाडलेल्या असतात. चर काढून ते ओढ्याला न्या, नाहीतर पाइपातून खाली उतरवा. आणि काठची माती वीटभट्टीला देऊ नका.

एवढं करूनही काठ तुटलाच, तर हद्दीच्या खुणा दिसतील असे फोटो काढून तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या. पीक गेलं एवढ्यावर न थांबता, जमीन वाहून गेल्याची नोंद पंचनाम्यात वेगळी करून घ्या. नदीत गेलेल्या क्षेत्राचा शेतसारा कमी करून घेण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये आहे.