मोठ्या फिल्मचा कॅमेरा आणि निसर्गाचा फोटो : आधी बघा, मग बटण दाबा



मोबाईलवर आपण एका मिनिटात वीस फोटो सहज काढतो. त्यातले अठरा पुन्हा कधी उघडूनही बघत नाही. आज आपण अशा कॅमेऱ्याची ओळख करून घेणार आहोत, ज्यातून डोंगराचा एक फोटो काढायला अर्धा तास लागू शकतो. तो पाठीवर वाहून न्यावा लागतो, त्यात चित्र उलटं दिसतं आणि एका चित्रामागे खर्चही बराच येतो. तरीसुद्धा जगात आजही काही छायाचित्रकार हाच कॅमेरा घेऊन डोंगरदऱ्यांत जातात. ते असं का करत असतील? या प्रश्नाचं उत्तर शोधणं हाच आजचा पाठ आहे.

१. मोठ्या फिल्मचा कॅमेरा म्हणजे काय?

या प्रकाराला 'लार्ज फॉरमॅट' म्हणतात. 'लार्ज' हा शब्द इथे फिल्मच्या आकारासाठी आहे. पूर्वी घराघरांत जो रोलचा कॅमेरा असायचा, त्यातल्या फिल्मवरचं एक चित्र २४ मिलिमीटर × ३६ मिलिमीटर एवढंच असायचं. लार्ज फॉरमॅटमध्ये फिल्मचा रोल नसतो, सुटे तुकडे असतात. एका तुकड्याला 'शीट' म्हणतात. सर्वांत लहान नेहमीचं माप ४ × ५ इंच, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढं. मोठं माप ८ × १० इंच, म्हणजे जवळजवळ वहीच्या पानाएवढं.

आता थोडं गणित करू. २४ × ३६ = ८६४ चौरस मिलिमीटर. ४ × ५ इंच म्हणजे सुमारे १०२ × १२७ मिलिमीटर, म्हणजेच जवळपास १३,००० चौरस मिलिमीटर. भागाकार करून बघा, उत्तर १५ च्या आसपास येतं. म्हणजे त्याच डोंगराला चित्रात बसायला १५ पट जागा मिळाली! म्हणून मोठा फोटो छापला तरी दूरच्या झाडाची फांदी न् फांदी, खडकाची भेग न् भेग स्पष्ट राहते.

या कॅमेऱ्याची रचना मात्र अगदी साधी असते. मुख्य भाग चारच :

- पुढे भिंग (लेन्स). त्यातच प्रकाश आत सोडणारं-अडवणारं शटर असतं.
- मागे दुधी काच. तिच्यावर समोरच्या दृश्याचं चित्र पडतं.
- दोघांच्या मध्ये भाता. पेटीच्या भात्यासारखाच घड्यांचा असतो. तो लांब-आखूड होतो आणि बाहेरचा प्रकाश आत येऊ देत नाही.
- खाली तिपाई (ट्रायपॉड). हा कॅमेरा तिपाईवर ठेवूनच वापरतात, कारण दुधी काचेवर नीट बघण्यासाठी तो स्थिर असावा लागतो.

ना बॅटरी, ना स्क्रीन. विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रकाश सरळ रेषेत जातो' हे आपण शिकतो. वरून येणारा किरण भिंगातून जाऊन खाली पडतो, खालचा वर जातो. म्हणून दुधी काचेवर डोंगराचं शिखर खाली आणि आभाळ तळाला दिसतं. डावं-उजवंही बदलतं.

२. एक फोटो कसा काढतात?

क्रम नीट वाचा. एकही पायरी चुकली तर फिल्म वाया जाते.

१) आधी जागा निवडायची. कॅमेरा पिशवीतच ठेवून इकडेतिकडे फिरून बघायचं. दोन पावलं डावीकडे सरकलं तर झाड डोंगरावर येतं का? खाली बसलं तर?

२) तिपाई लावायची, कॅमेरा बसवायचा, भिंग पूर्ण उघडायचं.

३) डोक्यावर काळं कापड घ्यायचं. बाहेरचा उजेड अडला की दुधी काचेवरचं चित्र दिसू लागतं.

४) भाता पुढे-मागे करून चित्र स्पष्ट करायचं. लहान भिंग काचेला लावून कोपरे तपासायचे.

५) उजेड मोजायचा. उन्हातला खडक किती उजळ, सावलीतली झाडी किती काळी, हे वेगवेगळं मोजून किती वेळ प्रकाश आत सोडायचा ते ठरवायचं.

६) शटर बंद करायचं. भिंगाचं छिद्र लहान करायचं.

७) फिल्मची चपटी पेटी (होल्डर) मागे सरकवायची. तिच्यात दोनच फिल्म असतात, पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला एक.

८) फिल्मवरचं झाकण ओढून काढायचं, वारा थांबायची वाट बघायची आणि मग शटर सोडायचं.

९) झाकण परत घालायचं. वहीत नोंद करायची.

आठव्या पायरीत वाऱ्याची वाट का बघायची? फिल्म मोठी असली की भिंगही लांब पल्ल्याचं लागतं. तसं भिंग असलं की जवळचं आणि दूरचं एकाच वेळी स्पष्ट होणं अवघड जातं. त्यावर उपाय म्हणजे छिद्र बारीक करणं. पण छिद्र बारीक केलं की प्रकाश कमी येतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. कधी अर्धा सेकंद, कधी कितीतरी सेकंद. तेवढ्यात गवत हललं की चित्रात ते पुसट होतं. म्हणजे बघा, एक गोष्ट मिळवायला दुसरी द्यावी लागते.

३. वाकणाऱ्या भात्याचा उपयोग

साध्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म समोरासमोर घट्ट बसवलेले असतात. इथे मात्र मधे भाता असल्यामुळे भिंग वर-खाली सरकवता येतं, पुढे वाकवता येतं.

उंच झाडाचा फोटो काढताना आपण मोबाईल वर करतो. मग झाडं मागे कलल्यासारखी दिसतात. या कॅमेऱ्यात कॅमेरा सरळच ठेवून फक्त भिंग वर सरकवतात. झाडं सरळ उभी राहतात.

भिंग थोडं पुढे वाकवलं तर आणखी एक गंमत होते. एरवी चित्राचा स्पष्ट भाग हा उभ्या भिंतीसारखा असतो. त्या भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं पुसट होत जातं. भिंग वाकवलं की ही 'भिंत' जमिनीसारखी आडवी होते. मग पायापाशी असलेली रानफुलं आणि दूरचा डोंगर दोन्ही एकदम स्पष्ट! ऑस्ट्रियाच्या सैन्यातले अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांचं नाव या नियमाला मिळालं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हवेतून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करण्याच्या कामात त्यांनी हा नियम वापरला.

४. दोन काचा उरल्या होत्या

आता एक खरी घटना बघू. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाची दरी आहे. तिथे हाफ डोम नावाचा प्रचंड खडक आहे. एका बाजूने घुमटासारखा गोल, दुसऱ्या बाजूने सुरीने कापल्यासारखा उभा. त्याची उंची समुद्रसपाटीपासून ८,८०० फुटांहून जास्त.

१० एप्रिल १९२७ रोजी २५ वर्षांचे अँसेल ॲडम्स काही मित्रांबरोबर त्या कड्यासमोरच्या उंच जागेवर चढून गेले. पाठीवर जड कॅमेरा आणि साडेसहा × साडेआठ इंचाच्या काचेच्या प्लेटा. त्या काळी फिल्मऐवजी काचही वापरत असत. सोबत आणलेल्या प्लेटा मोजक्याच होत्या, त्यात वाटेत बऱ्याच वापरून झाल्या. कड्यासमोर पोचले तेव्हा कडा सावलीत होता. ते ऊन येण्याची वाट बघत थांबले. हातात दोनच प्लेटा उरल्या होत्या.

दुपारी ऊन कड्यावर सरकलं. पहिली प्लेट त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली. घेतल्यावर लगेच त्यांच्या लक्षात आलं, की समोरचा कडा मनाला जेवढा भव्य वाटतोय तेवढा या चित्रात येणार नाही. पिवळ्या फिल्टरने आकाश फिकट राखाडी येईल, कडा त्यात हरवेल. मग शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला आणि पाच सेकंद प्रकाश आत सोडला.

लाल फिल्टरने काय होतं? लाल काच निळा प्रकाश अडवते. आकाश निळं, म्हणून ते फिल्मवर जवळजवळ काळं येतं. सावलीवरही आभाळाचाच निळसर उजेड पडलेला असतो, म्हणून सावल्याही गडद होतात. बर्फ आणि ऊन पडलेला खडक मात्र उजळ राहतात. तो फोटो 'मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम' या नावाने जगभर प्रसिद्ध झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बटण दाबायच्या आधीच पूर्ण झालेलं चित्र मनात बघणं, याला ॲडम्स 'व्हिज्युअलायझेशन' म्हणत. हा फोटो त्याचं आपल्याला जमलेलं पहिलं खरं उदाहरण, असं ते पुढे सांगत. हातात दोनशे प्लेटा असत्या तर एवढा विचार झाला असता का? वर्गात यावर नक्की चर्चा घ्या.

५. फोटोंनी काय घडवलं? आणि काय दाखवलं नाही?

ॲडम्सच्या कितीतरी आधी, १८६१ मध्ये, कार्लटन वॉटकिन्स हे छायाचित्रकार याच दरीत गेले होते. त्यांच्या काचा १८ × २२ इंचांच्या होत्या! त्या काळी काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तिथल्या तिथे अंधाऱ्या तंबूत धुवायचा. हे सगळं सामान खेचरांवर लादून नेलं होतं. ते फोटो लांबच्या शहरांतल्या लोकांनी बघितले. ३० जून १८६४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ही दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. वॉटकिन्स यांच्या फोटोंचा त्याला हातभार लागला असं मानलं जातं. पुढे ॲडम्स यांच्या फोटोंचाही जवळचाच किंग्ज कॅनियन हा भाग राखायला उपयोग झाला. १९४० मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. अर्थात यामागे अनेकांचे प्रयत्न होते. पण ज्यांनी तो डोंगर कधी पाहिला नाही, त्यांच्यासमोर तो ठेवण्याचं काम फोटोंनी केलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या प्रसिद्ध फोटोंत दरी रिकामी, माणसाचा स्पर्श न झालेली वाटते. प्रत्यक्षात तिथे अहवानीची लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. १८५१ मध्ये एका सशस्त्र तुकडीने दरीत शिरून त्यांना हुसकावलं. फोटो कितीही स्पष्ट असला, तरी चौकटीच्या बाहेर काय राहिलं ते तो सांगत नाही. म्हणून फोटो बघताना 'काय दिसतंय' बरोबरच 'काय दिसत नाही' हेही विचारायची सवय मुलांना लावायला हवी.

आपल्या देशातही असे कॅमेरे फार लवकर आले. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न यांनी १८६० च्या दशकात हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मनिरंग खिंडीत त्यांनी फोटो काढले. काचा, रसायनं, तंबू हे सगळं पाठीवर वाहून नेणारे हमाल मात्र आज नावानिशी कुणाला माहीत नाहीत.

६. चला, करून बघू

*कृती १ : खोक्यातला कॅमेरा.* बुटांच्या खोक्याच्या एका लहान बाजूला मधोमध टाचणीने भोक पाडा. समोरची बाजू कापून तिथे बटर पेपर ताणून चिकटवा. ही झाली आपली दुधी काच. डोक्यावर चादर घ्या, खोक्याचं भोक उन्हातल्या झाडाकडे करा आणि कागदावर बघा. झाड उलटं दिसेल. वर्गात हा प्रयोग घेतला की मुलं आधी खोकाच उलटा करून बघतात! तसं करू द्या. खोका फिरवला तरी झाड उलटंच का राहतं, हे त्यांनाच शोधू द्या. (सूचना : सूर्याकडे कधीही बघू नका.)

*कृती २ : चौकट.* पुठ्ठ्यात ४ × ५ इंचाची खिडकी कापा. एक डोळा मिटून तिच्यातून गावाजवळची टेकडी, ओढा, शेत बघा. चौकट डोळ्याजवळ आणली तर काय बदलतं? दूर नेली तर? हवी ती चौकट सापडली की तेवढंच चित्र वहीत काढा.

*कृती ३ : दोन फोटोंचा नियम.* होल्डरमध्ये दोनच फिल्म असतात ना? तसंच करा. घरच्यांचा मोबाईल घ्या. एका तासात फक्त दोन फोटो. प्रत्येक फोटोआधी वहीत तीन ओळी लिहायच्या : ऊन कुठून येतंय, चौकटीत काय ठेवलं, काय सोडलं.

स्वाध्याय

१) दुधी काचेवर चित्र उलटं का दिसतं?
२) छिद्र बारीक केल्यावर शटर जास्त वेळ उघडं का ठेवावं लागतं?
३) लाल फिल्टरमुळे निळं आकाश काळं का येतं? मग हिरवा फिल्टर लावला तर झाडाची पानं कशी येतील?
४) ८ × १० इंचाची शीट ४ × ५ इंचाच्या शीटपेक्षा किती पट मोठी? (दुप्पट म्हणायची घाई करू नका!)
५) ॲडम्सच्या फोटोत आकाश काळं आहे, प्रत्यक्षात ते निळं होतं. मग तो फोटो खरा म्हणायचा की खोटा? तुमचं मत पाच ओळींत लिहा.

शिक्षक मित्रांनो, हा महागडा कॅमेरा आपल्या शाळेत यावा अशी काही गरज नाही. त्याची शिस्त मात्र फुकट आहे. थांबायचं, बघायचं, ठरवायचं आणि मगच बटण दाबायचं. आपल्या गावामागची टेकडी रोज नजरेसमोर असते, म्हणूनच ती नीट बघायची राहून जाते. उद्या तिचा एक कोपरा खणला गेला, तर तो आधी कसा होता हे सांगणारं कुणीतरी हवं. दोन फोटो आणि सहा ओळी घेऊन ते काम आपली मुलं नक्की करू शकतात.