प्रसारण चालू, आवाज गायब

प्रश्न : आमच्या सामुदायिक रेडिओचे ऑनलाइन प्रसारण आइसकास्ट सर्व्हरवरून चालते. परवा तासभर नुसती शांतता गेली, तरी पडद्यावर सगळे सुरळीत दिसत होते. असे कसे?

उत्तर : सर्व्हरच्या लेखी ते सुरळीतच होते! आइसकास्ट पोस्टमनसारखा, पाकीट पोचवतो, आत कोरा कागद आहे का ते पाहत नाही. मिक्सरची वायर निसटली तरी एन्कोडर शांतताही इमानाने पाठवत राहतो. म्हणून राखणीला लिक्विडसोप ठेवा. हे मुक्त सॉफ्टवेअर आवाजाची पातळी मोजते. ती ठरावीक सेकंद खाली राहिली, की राखीव ध्वनिफीत सुरू करता येते, तुम्हाला संदेशही धाडता येतो. मर्यादा 20 सेकंदांच्या आसपास असू द्या. फार कमी ठेवलीत, तर नाटकातला पॉजही बिघाड ठरायचा. आइसकास्टमध्येही राखीव प्रवाहाची सोय आहे, पण ती जोडणी तुटल्यावरच जागी होते, आणि दोन्ही प्रवाहांचा ध्वनिप्रकार एकच लागतो. शिवाय देखरेख फक्त प्रसारणाच्याच यंत्रावर ठेवू नका. वेगळ्या इंटरनेट जोडणीवरून, साध्या श्रोत्यासारखे प्रसारण ऐकत राहणारा एखादा जुना संगणकही पुरतो.