सांधा दुखतो तेव्हा हृदय ऐक

चि. स्वाती,


काटेवाडीच्या दवाखान्यात रुजू झाल्याचं तुझं पत्र पोचलं. आता गळीत हंगाम सुरू होईल. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या उसासाठी बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतील, एकेका झोपडीवजा कोपीत पाच-सहा माणसं झोपतील आणि घसा धरलेली पोरं तुझ्याकडे येऊ लागतील. म्हणून घसादुखीमागून येणाऱ्या रुमॅटिक तापाबद्दल आजच लिहिते.

अ गटाचे स्ट्रेप्टोकॉकस जंतू राहतात घशातच. पण त्यांचं आवरण आणि आपल्या हृदयातली प्रथिनं यांत साम्य असतं, त्यामुळे जंतूंसाठी तयार झालेली प्रतिद्रव्यं आपल्याच शरीरावर उलटतात. याला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर घसा बरा होऊन आई तो विसरलेलीही असते. तू मुद्दाम विचार. सांधे पुढे पूर्ववत होतात. मायट्रल झडप मात्र दर खेपेला सुजू शकते, गळू लागते आणि काही वर्षांनी आकसते.

पाच ते पंधरा वर्षांचं मूल ताप आणि सुजलेला गुडघा घेऊन आलं, तर लगेच जोरदार वेदनाशामक देऊ नकोस. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट, हे दुखण्याचं फिरणंच निदानाची खूण आहे. गोळीनं ती पुसली जाते. तूर्त पॅरासिटामॉल पुरे. मुलाला डाव्या कुशीवर झोपव, बाहेरची गर्दी थांबव आणि छाती निवांत ऐक. एखाद्या मुलीचं अक्षर अचानक बिघडलं, हातातून भांडी पडू लागली, तर तिला तुझी दोन बोटं घट्ट धरायला सांग. पकड आवळते-सुटते, पुन्हा आवळते, असं झालं तर तो धांदरटपणा नव्हे, याच आजारातला कोरिया (आवरता न येणाऱ्या हालचाली) असू शकतो. तो घसादुखीनंतर काही महिन्यांनीही येतो.

हा आजार ठरवणारी एकच एक तपासणी नाही. म्हणून १९४४ मध्ये डकेट जोन्स यांनी लक्षणांची मोट बांधली. त्या निकषांच्या २०१५ च्या सुधारणेनं, जिथे हा आजार जास्त आहे तिथे एकच सांधा सुजला तरी ते मुख्य लक्षण धरायला सांगितलं, आणि संशय आलेल्या प्रत्येक मुलाच्या हृदयाचा इको करायलाही. रक्तातला एएसओ, म्हणजे या जंतूंविरुद्धच्या प्रतिद्रव्याचा आकडा, वाढला याचा अर्थ जंतू नुकते येऊन गेले, एवढाच. नुसत्या त्या आकड्यावर कुणाला वर्षानुवर्षं पेनिसिलिनच्या सुया टोचू नकोस. आणि छातीत जादा आवाज ऐकू आला नाही म्हणून इको टाळू नकोस.

निदान पक्कं झालं की दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन, हृदय शाबूत असलं तरी किमान ५ वर्षं. आधी अ‍ॅलर्जी विचार, नंतर थोडा वेळ बसवून ठेव. पेनिसिलिन काही नवं नाही. ते बनवायला आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला, १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. खरी कसोटी तारीख पाळण्याची आहे, आणि तुझी पोरं तर हंगाम संपून पट्टा पडला की निघून जाणार. प्रत्येक आईच्या हाती पुढची तारीख ठळक लिहिलेलं कार्ड दे. टोळीच्या मुकादमाचा नंबर वहीत घे. टोळी निघण्याआधी तिच्या गावच्या आरोग्य केंद्राला स्वतः फोन कर, आणि तिकडे सुई दिल्याचं कळेपर्यंत त्या मुलाचं नाव वहीतून काढू नकोस.

तुझी,
आत्या