क्रियापद कुणाचं ऐकतं?

आमच्या नवेगाव बांधकडचा पोरगा "मी अभ्यास केलो" म्हणाला की होस्टेलच्या मेसमध्ये हशा पिकतो. "केला म्हण बे!" पण 'केला' का, हे हसणाऱ्याला विचारा. सांगता येत नाही.

भूतकाळात मराठीचं सकर्मक क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचं ऐकतं. कोहळ्यांनी तलाव बांधला, विहीर बांधली. बांधणारे तेच, तरी क्रियापद फिरलं. कर्माला 'ला' लागला तर ते कुणाचंच ऐकत नाही : वाघानं पोरीला पाहिलं. आता हेच उलटं म्हणा, 'पोरीला वाघानं पाहिलं.' पाहणारा वाघच, कारण 'नं' आणि 'ला' नामांना चिकटलेले आहेत. इंग्रजीत अशी अदलाबदल केली तर पोरगीच वाघाला पाहायला लागेल!

मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांची नाहुआत्ल तर याहून न्यारी. (टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्द मूळ तिचेच.) तिथं नामाला 'नं', 'ला' काही नाही, सगळा भार क्रियापदावर. 'निमित्सित्ता' : नि म्हणजे मी, मित्स म्हणजे तुला, इत्ता म्हणजे पाहणं. एका शब्दात अख्खं वाक्य. 'निनाकाक्वा' म्हणजे 'मी मांस खातो', यात मांससुद्धा क्रियापदाच्या पोटात! कर्म वेगळं सांगायचं तर बहुधा क्रियापद आधी, नाम मागून.

आपल्या शेजारची गोंडी द्रविड कुळातली. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे ३० लाख भाषिक नोंदले आहेत. क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, पण काळ कोणताही असो, ते कर्त्याचंच ऐकतं. कानडीतही तसंच. म्हणूनच की काय, कानडीच्या शेजारी सोलापूर-लातूरकडेही 'मी केलो' ऐकू येतं. म्हणजे 'केलो'ला नियम आहे, फक्त तो पुस्तकातला नाही.

आमच्या वर्गातल्या एका गोंडी घरच्या मित्राचं सर्किट पहिल्या झटक्यात चालतं, पण सेमिनारला तो दुसऱ्याला उभं करतो. त्याला कोणी हा फरक समजावलाच नव्हता, नुसते हसले. काल रात्री खोलीत आम्ही तो मांडला : 'काय?' विचार आणि उत्तराचं लिंग लाव. वायर जोडली, दिवा लावला, सर्किट तपासलं. दहा मिनिटं लागली. मग तो म्हणाला, "चला, आता मी जेवण करून येतो," आणि या वाक्यात हसण्यासारखं कोणालाच काही सापडलं नाही.