पाण्याचा ताळेबंद

मृग नक्षत्र लागले की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे वळते. पेरणीपासून काढणीपर्यंतची कामे पिढ्यान्‌पिढ्या नक्षत्रांच्या हिशेबाने ठरत आली. आता मात्र हा हिशेब चुकू लागला आहे. अनेक भागांत थोड्या दिवसांत मुसळधार पाऊस कोसळतो आणि मग दीर्घ खंड पडतो. कोसळणारे पाणी जमिनीत न मुरता माती घेऊन वाहून जाते. खंडाच्या काळात कोवळी रोपे माना टाकतात आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीचे संकट ओढवते.

तापमानवाढ हे या बदलामागील एक प्रमुख कारण होय. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस जोराने पडतो. परंतु हीच उष्ण हवा जमिनीतील ओलही लवकर शोषून घेते. उष्म्याचा फटका पिकांना थेटही बसतो. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऐन दाणे भरण्याच्या वेळी उत्तर भारतातील गहू होरपळला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

तथापि, टंचाईचा सारा दोष निसर्गाला देता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. त्याच मराठवाड्यात ऊस मोठ्या क्षेत्रावर घेतला जात होता आणि कूपनलिका अधिकाधिक खोल जात होत्या.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या पर्जन्यछायेतील गावाने वेगळा मार्ग निवडला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी डोंगरउतारावर समतल चर खोदले, झाडे लावली आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. शेतीसाठी कूपनलिका खोदायच्या नाहीत आणि ऊस, केळी लावायची नाही, असेही त्यांनी ठरवले. गावात दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसे व जनावरे यांचे पाणी राखले जाते आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. कमी पावसाच्या वर्षी विहिरीत पाणी दिसत असूनही एखाद्याला हवे ते पीक सोडावे लागते. विहीर एकाची असली, तरी तिचे झरे साऱ्या शिवाराचे आहेत, हे मान्य केल्यावाचून असा त्याग घडत नाही.

पाऊस किती पडावा, हे गावाच्या हाती नाही. पडलेले पाणी कसे वापरावे, हे मात्र गावाच्या हाती आहे.