पान बदललं, तरी जुनंच का दिसतं?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर मी व्याख्यानाची वेळ बदलली. माझ्या क्रोममध्ये नवी वेळ दिसते, अध्यक्षांच्या फायरफॉक्समध्ये मात्र जुनीच. कोणता ब्राउझर चुकतोय?

उत्तर : बहुधा कोणताच नाही. एकदा उघडलेलं पान ब्राउझर आपल्या कॅशेत साठवतो आणि प्रत्येक ब्राउझरचा कॅशे स्वतंत्र असतो. अध्यक्षांना त्यांच्याकडे साठवलेली जुनी प्रत दिसते आहे.

ही प्रत किती काळ ताजी मानायची, हे तुमच्या सर्व्हरने सांगायला हवं. पानासोबत तो ‘कॅशे-कंट्रोल’ नावाची सूचना पाठवू शकतो; तिच्यात ‘मॅक्स-एज=३६००’ असेल तर प्रत तासभर चालते. जुनी पद्धत ‘एक्स्पायर्स’मध्ये मुदतीची तारीख देण्याची. दोन्ही दिलं असेल तर मॅक्स-एज ग्राह्य. आणि काहीच दिलं नसेल तर? मग ब्राउझर अंदाज बांधतो, आणि गोंधळ होतो तो इथेच. पान शेवटचं बदलून जितका काळ झाला, त्याच्या सुमारे दहा टक्के मुदत धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे ५० दिवस हात न लागलेलं पान पुढचे ५ दिवस सर्व्हरला न विचारताच दाखवलं जाऊ शकतं. व्याख्यानाची वेळ तुम्ही नेमकी याच काळात बदलली असावी.

तपासताना ‘मागे’ बटणावर विसंबू नका. ते अनेकदा आधीचं पान जसंच्या तसं पुन्हा दाखवतं. अध्यक्षांना कंट्रोल-शिफ्ट-आर दाबायला सांगा. मॅकवरच्या सफारीत ऑप्शन-कमांड-आर. मग एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’ विभागात सर्व्हरने नेमक्या कोणत्या सूचना पाठवल्या ते पाहा.

पण कायमचा इलाज सर्व्हरवरच करायला हवा. व्याख्यानाच्या पानाला ‘नो-कॅशे’ लावा. त्यामुळे पान साठवलं जातं, मात्र दाखवण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचारलं जातं. बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच कळवतो, पान पुन्हा उतरवावं लागत नाही. ‘नो-स्टोअर’ने प्रत साठवलीच जात नाही, ते खासगी माहितीच्या पानांसाठी राखा. चित्रांना आणि स्टाइलच्या फायलींना वर्षभराची मुदत खुशाल द्या, फक्त बदल केलात की फायलीचं नाव बदला.

आणि ‘कॅशे साफ करा’ असं वाचकांना सांगत बसू नका. व्याख्यानाची वेळ शोधायला आलेल्या माणसाचं ते काम नाही.